एक लिटरचा पीसी घ्यावा का?

दुकानाचं बिलिंग, जीएसटीची कामं, मुलांचा अभ्यास, संध्याकाळी थोडं यूट्यूब एवढ्यासाठी आता मोठा टॉवर घेऊ नये, एक लिटरचा, म्हणजे साधारण लिटरभर आकाराच्या डब्यातला मिनी पीसी पुरतो. पण ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसेल तो मिनी पीसी उचलण्यातही अर्थ नाही.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या नव्या डब्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला जुना लेनोवो टायनी, डेल मायक्रो नाहीतर एचपी मिनी बरा, हेही एक लिटरचेच. एन१०० वाईट नाही, ६ वॅटचा, ४ कोरचा, हलक्या कामाला चालतो. पण मेमरीचा चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता, एकच, आणि काही डब्यांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली. पुढे वाढवायची म्हटलं तर संपलं. जुन्यातल्या आठव्या पिढीच्या आय५-८५००टी प्रोसेसरवाल्या डब्यात ६ कोर आणि रॅमचे दोन स्लॉट मिळतात. ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा. ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, म्हणून एकाच १६ च्या पट्टीपेक्षा दोन बऱ्या, रस्ते दोन होतात.

इंटेलच्या आठव्या पिढीखालचा मात्र फुकट दिला तरी विंडोजसाठी घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या यादीत सहावी पिढी नाही, सातवीतलेही दोन-चार अपवादच. 'आय५ आहे, स्वस्त आहे' म्हणून सहावी पिढी गळ्यात मारतात ती यामुळेच.

म्हापशात, मडगावात दुकानातून घेत असाल तर तिथंच चालू करून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा, उघडा: लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तसाच परत द्या. डेलसोबत डुप्लिकेट अॅडॅप्टर असेल तर आणखी एक गंमत. त्याच्या पिनच्या मधली बारीक सुई अॅडॅप्टरची ओळख सांगते. ती ओळख पटली नाही की सुरुवातीला इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. लोक मग रॅम बदलत बसतात!

एसएसडी (साठवणीची पट्टी) बदलताना तिच्या टोकाच्या खाचा बघा. एम.२ हा पट्टीचा आकार, सॅटा आणि एनव्हीएमई या जोडणीच्या दोन पद्धती. एम.२ सॅटा पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर सॅटा पट्टी बसेल, पण पीसीला दिसणार नाही.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. धूळ ओली होऊन हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, पंखा किंचाळतो, तापमान नव्वदीत गेलं की वेग पडतो. पावसाळ्याआधी झाकण काढून ब्लोअर मारा, पंखा बोटानं धरून. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. बंद कपाटात ठेवू नका. मॉनिटरच्या पाठीला लावणार असाल तर जाळी मोकळी राहील असं बघा.

वीजबिल वाचेल म्हणून घेऊ नका. टॉवरपेक्षा ४० वॅट कमी धरले तरी रोज दहा तासांचे महिन्याला १२ युनिट. फायदा वीज गेल्यावर: साधा ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसकट बिल पुरं होईपर्यंत आरामात टिकतो. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोयही तेवढी लावून ठेवा.

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी टॉवरच घ्यावा. यातल्या बहुतेकांत ग्राफिक्स कार्डाला जागाच नाही.