निदानाचे आकडे वाढले, म्हणून दरी बुजली?

अमेरिकेतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक दावा फिरतोय: कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई मुलांमध्ये ऑटिझमचं निदान आता गोऱ्या मुलांपेक्षा जास्त होतं, म्हणजे भेदभाव संपला. विशेष शिक्षणात वंशाचा मुद्दा काढणं हे निव्वळ राजकारण.

आकड्यांपुरतं हे खरं आहे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत आठ वर्षांच्या दर हजार मुलांमागे गोऱ्यांत २७.७, कृष्णवर्णीयांत ३६.६ आणि आशियाई मुलांत ३८.२ जणांना ऑटिझम आढळला. पण निदान किती उशिरा झालं, हे त्यातून कळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८४ कृष्णवर्णीय मुलांचं निदान सरासरी साडेपाच वर्षांच्या आसपास झालेलं दिसलं. तीन वर्षांखालच्या मुलांना कायद्याने मिळणाऱ्या सेवांची वेळ तोवर कधीच टळून गेलेली असते.

‘आईबापच लक्ष देत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. याच अभ्यासातल्या पालकांना निदानाच्या तीन वर्षांहून आधी शंका आली होती!

‘तपासणारे रंग बघत नाहीत’? फिलाडेल्फियातल्या मुलांवरचा २००७ चा अभ्यास पाहा. सगळी मेडिकेडवरची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी विम्यावरची, त्यामुळे विम्याचा फरक नाही. तरी पहिल्या भेटीत ऑटिझमचं निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांत २.६ पटींनी कमी होती, आणि त्यांना वर्तनविकाराचं लेबल लागण्याचा धोका जास्त. शाळेत या लेबलावर फार काही ठरतं. जेवणाच्या हॉलमधला गोंगाट सहन न होऊन मूल कान झाकतं, टेबल ढकलतं. ऑटिझम नोंदलेला असेल तर आयईपीत, म्हणजे शाळेने त्या मुलासाठी केलेल्या लेखी शिक्षण-योजनेत, शांत जागा आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार) मागता येते. ‘उद्धट’ असा शेरा असेल तर घरी पाठवतात.

राजकारणाचं म्हणाल, तर ओळख, वर्गवारी आणि शिस्तीच्या कारवाईत वंशानुसार मोठी तफावत आहे का, हे तपासणं राज्यांवर आयडीईए या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानेच बंधनकारक आहे. तफावत आढळली तर शालेय जिल्ह्याला (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) या कायद्याखाली मिळणाऱ्या निधीतले १५ टक्के त्यावरच्या उपायांसाठी बाजूला काढावे लागतात.

आपल्या लोकांनीही हा वाद दुसऱ्यांचा समजू नये. आयईपीच्या बैठकीत आई-वडिलांना सगळं समजेल याची काळजी घेणं, गरज असेल तर दुभाषी देणं, ही शाळेची जबाबदारी आहे. मराठी दुभाषी हवा असेल तर बैठकीआधीच लेखी मागा.