हुशारी, गुण आणि चिकित्सक विचार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चिकित्सक विचारावरच्या, म्हणजे ऐकले-वाचलेले तपासून पाहण्याच्या सवयीवरच्या, माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. हुशारी जन्मजात असते, ती गुणपत्रिकेत दिसतेच आणि ‘चिकित्सक विचार’ हे तिलाच दिलेले नवे नाव आहे; तेव्हा नववी-दहावीत त्यासाठी वेळ काढणे म्हणजे पोर्शन मागे पाडणे, असे आपले म्हणणे आहे.

बुद्धी आणि गुण यांचा संबंध घट्ट आहे, हे मला मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील ७० हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात अकराव्या वर्षीची बुद्धी आणि सोळाव्या वर्षीचे शालेय यश यांचा सहसंबंध ०.८१ इतका (१ म्हणजे पूर्ण मेळ) आढळला होता. माझ्या लेखातून याउलट अर्थ निघाला असेल, तर तो माझ्या मांडणीचा दोष आहे. मात्र बुद्धी जन्मजात म्हणून बदलतच नाही, हे पटत नाही. १९०५ साली फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी कायमची ठरलेली असते या समजुतीला त्यांचा स्वतःचाच विरोध होता.

राहिला नव्या नावाचा प्रश्न. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच असल्याने इथे पाणी ९७-९८ अंशांलाच उकळते. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत पारा ९७.५ च्या आसपास थांबला, तेव्हा वर्गात पहिली येणाऱ्या मुलीने पेन्सिलने लिहिलेला तो आकडा खोडला आणि प्रयोगवहीत १०० लिहिले. “सर, पुस्तकात शंभर आहे, तापमापीच बिघडली असेल,” असे तिने सांगितले. त्यावर, सहामाहीत विज्ञानात जेमतेम पास झालेला तिच्याच गटातला मुलगा म्हणाला, “मग वितळत्या बर्फात घालून बघू या, शून्य दाखवते का.” तापमापीने शून्य दाखवले.

एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. पण परीक्षेत उत्कलनांक विचारला की १०० लिहिणाऱ्याला गुण मिळतो आणि उपकरणावरचा संशय तपासून पाहण्याची त्या मुलाची रीत कुठल्याच प्रश्नात येत नाही. ज्याची परीक्षाच होत नाही, ते गुणपत्रिकेत उमटणार तरी कसे? शिवाय त्या मुलीची बुद्धी कमी पडली होती असेही नाही; बर्फाचा पडताळा पाहताच “म्हणजे महाबळेश्वरला याहून कमी तापमानाला उकळणार ना?” हे सर्वांत आधी तिनेच विचारले. हुशारी होतीच, आकड्याला प्रश्न विचारण्याची सवय तेवढी लावायची राहिली होती, आणि ती आम्ही शिक्षकांनी लावायला हवी होती, याची मला खंत वाटते.

पोर्शनची आपली काळजी खरी आहे, मीही दर फेब्रुवारीत ती सोसतो. पण या साऱ्याला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. तेव्हापासून प्रयोगवही तपासताना जे दिसले तेच लिहिणाऱ्याला मी निरीक्षणाचे पूर्ण गुण देतो आणि १०० लिहिणाऱ्याला पुन्हा पाणी तापवायला सांगतो.