निरंक

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. आमच्या कॉलेजात प्राचार्यांचा चहा महाग पडतो. मागच्या खेपेला तो प्यायलो आणि एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर गळ्यात आलं. यंदा कप अर्धाही झाला नव्हता तोच ते म्हणाले, "सर, तुमची भाषा चांगली आहे. प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या उपलब्धींचं संकलन तुम्ही करा. नॅक तोंडावर आलंय."

'उपलब्धी' हिंदी आहे, आपल्याकडे 'कामगिरी' म्हणतात, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. बोललो असतो तर भाषाशुद्धी समितीही माझ्याच नावावर चढली असती.

नॅक म्हणजे बंगळुरूची राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद. स्थापना १९९४. 'प्रत्यायन' हा शब्द वीस वर्षं मराठी शिकवून मी एकदाही वर्गात वापरलेला नाही, पण त्याच्या भीतीने अख्ख्या कॉलेजला दर पाच वर्षांनी रंग लागतो. निकष सात, गुण एक हजार. त्यातले ३५० आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांना अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन यासाठी असतात. हे ३५० मिळवायचे तर पुरावे लागतात, आणि पुरावे गोळा करायचे तर तास सोडावे लागतात. शेवटी चारपैकी सरासरी निघते. ३.५१ किंवा त्याच्या वर गेलात तर ए प्लस प्लस. ही श्रेणी मला कायम रक्तगटासारखी वाटत आलीय. मागच्या वेळी आमचा रक्तगट बी प्लस निघाला होता.

मी ग्रुपवर मेसेज टाकला : "सर्व आदरणीय सहकाऱ्यांनी आपल्या वर्षभरातील कामगिरीची माहिती पुराव्यासह शुक्रवारपर्यंत द्यावी." एकतीस जणांनी जोडलेले हात पाठवले. माहिती कोणीच पाठवली नाही. एका सरांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वाढदिवस दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

मग मी दारोदार फिरू लागलो.

इंग्रजीच्या मॅडमनी लोखंडी कपाट उघडून दोन बॉक्सफायली माझ्या हातात दिल्या. फाइली २०२० च्या होत्या. ते लॉकडाऊनचं वर्ष आठवा. गूगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवायचे, चाळीस टक्के पडले की ई-मेलवर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. जग घरात कोंडलेलं असताना मॅडमनी जलसंधारण, योग, बौद्धिक संपदा, मधमाशीपालन आणि कोविड जनजागृती यांत प्रावीण्य मिळवलं होतं. "मॅडम, हे या वर्षाचं नाही," मी म्हणालो. "सर, ज्ञानाला वर्ष असतं का?" त्या म्हणाल्या. ज्ञानाला नसेल, पण एक्सेलच्या तिसऱ्या रकान्याला आहे.

भौतिकशास्त्राच्या सरांनी स्वतःचा एच-इंडेक्स सांगितला. मला आधी ते रक्तातलं काहीतरी वाटलं, कारण त्यांनी तो पथ्य पाळणाऱ्या माणसासारखा सांगितला : "सध्या दोन आहे. वाढवायचा प्रयत्न चालू आहे." होर्हे हर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप काढलं. तुमच्या पाच लेखांचा प्रत्येकी किमान पाच वेळा कोणी हवाला दिला, की तुमचा एच-इंडेक्स पाच. सरांच्या लेखांचा हवाला कोण देतं ते मी तपासलं. बहुतेक सरच.

अर्थशास्त्राचे सर वेगळ्याच दुःखात होते. त्यांनी चार वर्षं घासून एक लेख यूजीसी-केअर यादीतल्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जेदार ठरवलेल्या, नियतकालिकात छापून आणला. यादी २०१९ मध्ये आली होती. त्यांचा लेख आला आणि पाठोपाठ, २०२५ च्या फेब्रुवारीत, यादीच बंद झाली. मुलाला लग्नाचं स्थळ मिळावं आणि त्याच आठवड्यात त्याची कंपनी गुंडाळावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "लिहा तरी कुठे ते?" त्यांनी विचारलं. मी 'इतर' मध्ये लिहिलं. 'इतर' हा फार दयाळू रकाना आहे.

वाणिज्यच्या सरांनी सत्काराचा फोटो दिला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं व्यवस्थित. मागच्या बॅनरवर वधूवरांची नावं होती.

सगळ्यांत भरीव कागद निघाले ते तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांकडे. सेट, नेट, पीएच.डी., सहा लेख, एक पुस्तक, आयएसबीएनसह. मला भरून आलं. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, कोऑर्डिनेटर मॅडमनी हळूच सांगितलं, की हा रकाना पूर्णवेळ प्राध्यापकांचा आहे. त्या सरांना मे महिन्याचा पगार नसतो, दिवाळीच्या सुट्टीचाही नसतो, आणि आता कामगिरीही नव्हती. "सर, सवय आहे," असं म्हणून त्यांनी पुढच्या तासाला पळ काढला. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं तर पंचवीस मिनिटंच असतात.

कर्मचाऱ्यांकडून काहीच आलं नाही. हेडक्लार्कना विचारलं तर ते म्हणाले, "आमची कामगिरी म्हणजे तुमच्या सगळ्यांचे पगार वेळेत निघणं. पुरावा तुमच्या पासबुकात आहे." हा गृहस्थ पुराव्याशिवाय पाणीही पीत नाही. रजेच्या अर्जाला आजार जोडा म्हणणारा माणूस.

उरले फोटो. हल्ली साधा फोटो चालत नाही, जिओटॅग लागतो. म्हणजे खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. वृक्षारोपणाचा खड्डा पृथ्वीवर नेमका कुठे आहे ते कळलं पाहिजे. (खड्डा दर वर्षी तोच असतो, हेही त्यामुळे कळतं. या बाबतीत तंत्रज्ञानाने आमचा घात केला आहे.) असे दीडशे फोटो मी लावले आणि मॉक व्हिजिटला, म्हणजे नॅकच्या भेटीच्या रंगीत तालमीला, शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या ज्येष्ठ प्राचार्यांपुढे ठेवले.

त्यांनी चष्मा पुसला. योगदिन पाहिला, रक्तदान पाहिलं, मराठी भाषा गौरव दिन पाहिला, महिला सबलीकरण पाहिलं. मग एका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे तज्ज्ञ कोण? सगळ्याच विषयांवर बोलतात?"

ते आमचे मामा. शिपाई. बॅनरची उजवी दोरी खिळ्याला बसत नाही, म्हणून गेली अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ती धरून उभे असतात. महिला सबलीकरणाच्या फोटोत तर तेच मधोमध आले होते, कारण मॅडम लोक चहाला गेल्या होत्या.

प्राचार्य गडबडले. मामा तिथेच पाण्याचे ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, मी सगळे कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेत. तसं दुसरं कोणी नाही इथं." पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अजून बाहेर आलेलं नाही.

शेवटी माझी स्वतःची ओळ भरायची राहिली. एक कविता दिवाळी अंकात आली होती, पण अंकाला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, नव्हता. दुसरी कामगिरी म्हणजे इतरांच्या कामगिरीचं संकलन. त्याला रकाना नाही. सरकारी मराठीत अशा वेळी एक छान शब्द आहे. मी तो लिहिला, निरंक, आणि फॉर्म हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवला.

दहा मिनिटांत मामा तो परत घेऊन आले. कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं : "निरंक असल्याबाबत पुरावा जोडावा."

मी रीतसर अर्ज केला. आवक क्रमांक पडला. चार दिवसांनी कॉलेजच्या लेटरहेडवर, गोल शिक्का आणि प्राचार्यांच्या सहीसह दाखला आला : 'प्रमाणित करण्यात येते की, सदर प्राध्यापकांनी या शैक्षणिक वर्षात कोणतीही उल्लेखनीय कामगिरी केलेली नाही.' मी तो जोडून फॉर्म पुन्हा नेऊन दिला.

हेडक्लार्कांनी दाखला उलटसुलट पाहिला, शिक्का उजेडाला धरला, आणि लाल पेनने माझं निरंक खोडलं.

"सर," ते म्हणाले, "प्रमाणपत्रांची संख्या, एक."