आमच्या सेक्टरमधला रिकामा प्लॉट बांधायलाच हवा

नवी मुंबईत नेरूळला आमच्या सेक्टरमध्ये एक प्लॉट कित्येक वर्षं रिकामा पडून आहे. तिथे आता बांधकाम होणार अशी कुणकुण लागल्यापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर विरोधाच्या सह्या गोळा होतायत. मी सही केलेली नाही, करणारही नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी मनाला लावून घेतलं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तो प्लॉट मैदानासाठी किंवा उद्यानासाठी राखीव नाही. निवासी आहे. भोवती पत्रे, आत सुबाभूळ आणि घाणेरीचं रान, रात्री कुणीतरी आणून टाकलेलं डेब्रिज, पावसाळ्यात डबकं आणि डास. मुलं तिथे खेळताना मी कधी पाहिलेली नाहीत. संध्याकाळी बायका त्या बाजूने जायचं टाळतात. त्याला आपण ‘मोकळी जागा’ म्हणतो आणि ती वाचवायला निघालोय.

असे प्लॉट पडून का राहतात हेही समजून घ्या. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देत आली आणि ठरावीक मुदतीत बांधकाम करायची अट घालते. मुदत उलटली की अतिरिक्त भाडेपट्टा शुल्क भरून ती वाढवून घेता येते. जमिनीचे भाव चढत असले की हे शुल्क भरूनही प्लॉट अडवून ठेवणं परवडतं. ज्याच्या नावावर प्लॉट आहे त्याचं काही अडत नाही. अडतं त्यांचं, ज्यांना या भागात डोक्यावर छप्पर हवं आहे.

आणि इथे काय नाही? मोरबे धरणाचं पाणी आहे. मलवाहिन्या आहेत, रस्ते आहेत, महापालिकेची शाळा आहे, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे सगळं उभारायला लोकांचे पैसे लागलेत. तरीही नवीन घर घ्यायचं म्हटलं की माणसाला उलव्याला, तळोज्याला नाहीतर त्याही पुढे जावं लागतं. तिथले लोक टँकरची वाट पाहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आता त्या बाजूला जमिनीची ओढ आणखी वाढणार. टेकड्या, शेतं, खाडीकाठची खारफुटी, सगळ्यावर भार येणार. २०२४ मध्ये नेरूळच्याच डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मेले तेव्हा आपण सगळे हळहळलो, आणि बरोबरच होतं ते. पण शहराच्या आत घर बांधू द्यायचं नाही आणि काठावर बांधलं की हळहळायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा चालतील?

पार्किंगचं म्हणाल तर तो त्रास खरा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजू आजच भरलेल्या असतात. पण त्या गाड्या आपल्याच आहेत. उद्या येणाऱ्यांच्या नाहीत.

माझं खरं भांडण वेगळं आहे. बांधायचं कुणासाठी? असा प्लॉट ई-लिलावात गेला की सर्वात मोठी बोली लावणारा टॉवर उभा करणार, त्यात मोठे फ्लॅट, आणि बोलीचा सगळा पैसा फ्लॅटच्या किमतीतून वसूल. आपल्याकडे पोळ्या करायला येणारी ताई, सोसायटीचे वॉचमन, हॉस्पिटलमधल्या नर्स, आपलीच नोकरीला लागलेली मुलं, यांच्यापैकी कुणाला ते परवडेल? सिडकोने वाशीच्या ट्रक टर्मिनलसारख्या अगदी मोक्याच्या जागी घरं बांधली, हे मला मनापासून पटलं होतं. पण जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा अल्प उत्पन्न गटाच्या ३२२ चौरस फुटांच्या घराला ७४ लाख! जागा योग्य निवडली आणि ज्यांच्यासाठी निवडली त्यांनाच किमतीने बाहेर ठेवलं. मला याचा फार राग येतो.

राग येतो, कारण ही जमीन कुणाची होती ते आपण विसरलो आहोत. ९५ गावांमधल्या शेतकऱ्यांच्या, आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेऊन हे शहर वसवलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. इतक्या किमतीला मिळालेली जमीन फक्त बोलीवर चढवायची वस्तू कशी होऊ शकते?

लहान घरं नीट बांधता येतात हे बघायला लांब जायला नको. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ४५ ते ७५ चौरस मीटरच्या प्लॉटवर घरं आखली, सात-सात घरांच्या मधे एक अंगण, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. टॉवर नाहीत, तरी हेक्टरी ५०० माणसांची वस्ती बसते. आज तसंच्या तसं करा असं मी म्हणत नाही, चार मजल्यांची साधी इमारतही चालेल. पण दाटीने राहायला टॉवरच लागतो हे कृपा करून कुणी सांगू नका.

जिथे खरोखर मैदानाचं आरक्षण आहे तिथे बांधकामाच्या विरोधात मी सगळ्यांच्या पुढे उभा राहीन. घणसोलीत क्रीडा संकुलासाठी राखून ठेवलेली २० एकर जागा सोडून संकुल थेट रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात न्यायचा निर्णय झाला होता. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हा मला खूप आनंद झाला होता. ती लढाई मैदानाची होती. आपल्या कोपऱ्यावर मैदान नाही, पत्र्यांच्या आड पडलेली घरांची जागा आहे.

म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला आहे, सिडको आणि महापालिका दोघांच्या नावे. मुदतवाढ आता बंद करा. बांधत नसतील तर प्लॉट परत घ्या, लहान तुकडे पाडा, दर आधी ठरवा आणि सोडत काढा. काही घरं भाड्याने देण्यासाठीच ठेवा. तळमजल्यावर पाळणाघर आणि भाजीवाल्यांना ओटे द्या. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसमध्ये अर्ज ठेवतो आहे. विरोधाच्या कागदावर सही केलेल्यांनीही जरूर या, वाचा, त्यात काय कमी आहे ते सांगा. सोमवारी तो द्यायला जाणार आहे.