सातबाऱ्याचे चार रुपये

प्रश्न चार रुपयांचा नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे आहे चार रुपयांचाच, पण तसा नाहीये.

पोरं मामाकडे, बायको पोरांसोबत, आणि मी नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर बनियनवर बसून सात वर्षं रखडलेली कादंबरी एकदाची संपवली. ती एका स्पर्धेला पाठवायची होती. त्यांना अजूनही दोन छापील प्रती लागतात, एकाच बाजूला छापलेल्या, वर पाचशे रुपये प्रवेशशुल्क. 212 पानं, दोन प्रती, दोन रुपये पान म्हणजे 848, आणि स्पायरलचे शंभर, एकूण 948. हिशोब घरूनच करून निघालो होतो, निघालो मात्र दुपारी दोनला.

आमच्या उन्हाबद्दल बाहेरच्याला सांगून काही फायदा नसतो. 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 वर गेला होता. 2024 मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले आणि सेन्सर बिघडलाय असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला, पण तोपर्यंत आमच्या गल्लीत एकालाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. अशा हवेत बसून माणूस लिहिणार काय? पाऊस. माझ्या कादंबरीत भरपूर पाऊस आहे. त्याकडे येतोच.

झेरॉक्सच्या दुकानात पहिलं पान निघालं ते सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, पीडीएफ करून आणत जा ना." वय 44, आणि काका. असो. पीडीएफ झाली, मशीन सुरू झालं, पहिल्या प्रतीचं 131 वं पान अर्धं बाहेर आलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, तोही उपकार केल्यासारखा.

बाकावर एक काका होते, हे खरे काका. काटोलकडचे, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात सातबारा आणि आठ-अ, पीककर्जाच्या फाईलसाठी. पाच मिनिटं त्यांनी पंखा पाहिला, मग कॅलेंडर, मग काउंटरवरचा माझा गठ्ठा उचलला, अंगठा जिभेला लावला आणि सुरू. विचारलं वगैरे काही नाही.

आता हे लिहिणाऱ्यालाच कळेल. सात वर्षांत ही कादंबरी कोणी वाचली नव्हती. बायकोने तीन पानं वाचून "छान आहे, पण यातली बायको मीच का?" असं विचारलं होतं, त्यानंतर तो विषय घरात बंद. आणि इथे एक माणूस पान उलटत होता! मी मोबाईल बघायचं नाटक करत त्यांच्या भुवयांकडे बघत होतो.

"हे तुमीच लिवलं काय जी?"

"हो."

"सारं?"

"हो, सगळं."

"हे पोरगं धरमपेठेतलं दाखवलं ना तुमी? मंग असं कावून बोलते? 'मी विचार करतोय.' करतोय! आपल्याकडे मानूस करून रायला असते."

मी म्हटलं, काका, छापील भाषा अशीच असते. पण आतून जळलो, कारण खरी गोष्ट अशी आहे की आमच्यासारखं 'करून राहिला' लिहिलं की परीक्षक कौतुकाने 'वैदर्भीय बोलीचा गंध' म्हणतात आणि वेगळ्या खणात नेऊन ठेवतात. 'करतोय' लिहिलं की ती नुसती मराठी कादंबरी होते. जन्मभर 'करून राहिलो' म्हणणारा मी, लिहायला बसलो की पुण्याचा होतो, आणि याचा राग नेमका कोणावर काढायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी काकांवर काढला, मनातल्या मनात.

काका तिकडे पुढे गेले होते. "पयल्या पानावर पाऊस. चौथ्या पानावर पाऊस. अकराव्यात तं पोरगी भिजूनच रायली. सर्दी नाई झाली काय तिले?"

दुकानातला पोरगा हसला. त्याला हसायचं काही कारण नव्हतं.

"आता आमची संत्र्याची बाग पाहा," काका पानं मांडीवर ठेवून म्हणाले, म्हणजे आता हे व्याख्यान आहे हे मला कळलं. "मृग बहार घ्याचा असन तं एप्रिल-मेमधी झाडाचं पानी तोडा लागते. तान द्या लागते त्याले. झाड सुकते, पानं मुरगळतात, पाहून जीव तुटते आपला, पन पानी द्याचं नाई म्हंजे नाई. मंग मिरगाचा पाऊस आला का फुटते पाहा फुलावर! तुमी तं या पोराले रोज पानी देऊन रायले. तो फुलन कायले?"

कथेत ताण हवा असं मी तीन लेखन शिबिरांमध्ये ऐकलंय. एका ठिकाणी फी भरून, जेवणासकट. तिथे माझ्या वहीत 'संघर्ष' असा शब्द लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत, आणि माझा हिरो मात्र 212 पानांत एकदाही उपाशी राहत नाही, भिजतो फक्त. हे मला कळायला लाईट जावी लागली, याचा मला अजूनही संताप आहे. बरं, कळलं म्हणून आता काय, दहा दिवसांवर शेवटची तारीख.

काका परत वाचायला लागले. चाळीस, एक्केचाळीस... 47 व्या पानावर हिरोला ते पत्र सापडतं. सांगतो, पुस्तकातली एवढी एक जागा मला खरंच जमलीये. काकांच्या भुवया वर गेल्या. अंगठा जिभेकडे निघाला.

आणि लाईट आली.

काकांनी 47 वं पान तसंच पालथं ठेवलं, सातबारा आणि आठ-अ पुढे सरकवले, दोन प्रिंटा खिशात घातल्या आणि उठले. पत्रात काय आहे, कोणाचं आहे, काही नाही. मी निर्लज्जपणे म्हटलंसुद्धा, "काका, पुढे त्या पत्रात..."

"बस जाईन जी माही," म्हणाले आणि उन्हात गेले.

उरलेली पानं छापून, दोन्ही स्पायरल होईपर्यंत साडेचार झाले. बिल 952.

म्हटलं, हे चार रुपये कसले?

"त्या काकांचे दोन पेज," पोरगा म्हणाला. "तुमच्या घरचेच होते ना ते? एवढं वाचून राहिले होते म्हणून मला वाटलं."