प्रवरेकाठचा रथ आणि शिआनचे सहा घोडे

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. वाघनखं आली होती तीन वर्षांच्या बोलीवर. ती शिवरायांचीच, याला ठोस पुरावा नाही असं काही इतिहास अभ्यासक जाहीरपणे म्हणत होते. त्या संग्रहालयानंही तशी खात्री दिलेली नव्हती. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की शेजारच्या पाटीवर हे सगळं स्पष्ट लिहावं. त्यावर श्रीरामपूरहून मामांचा निरोप आला : "तू तिकडं चीनमध्ये बसून आम्हाला शिकवू नको, बाळा. आधी आपली वस्तू घरी येऊ दे."

मामांचा राग मला कळतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं सोडवून आणली, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण सात वर्षं शिआनमध्ये राहिल्यावर 'घरी' या शब्दाबद्दल मी जरा वेगळा विचार करायला लागले आहे.

शिआन म्हणजे जुनं चांगआन. ह्युएन त्संग भारतातून पोथ्या घेऊन ६४५ साली परतला तो इथे. त्यानं आपला महाराष्ट्रही पाहिला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. तिथली माणसं केलेला उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर जिवावर उदार होऊन त्याचा बदला घेतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. मामांचा निरोप वाचताना मला तेच आठवलं.

त्याला भेटलेला तांग सम्राट ताइझोंग. या सम्राटानं आपल्या लढायांतल्या सहा घोड्यांची शिल्पं दगडात कोरून घेतली, आपल्या समाधीसाठी. आज त्यातली चार शिआनच्या पेइलिन संग्रहालयात आहेत. पेइलिन म्हणजे शिलालेखांचं बन. उरलेले दोन घोडे शंभर वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. इथले चारही तडकलेले दिसतात, कारण तेही बाहेर पाठवायचा डाव होता आणि त्यासाठी ते फोडले गेले. गेलेल्या दोघांपैकी एकावर एक सेनापती घोड्याच्या समोर उभा राहून त्याच्या छातीत रुतलेला बाण उपसतोय. घोड्यानं मान खाली घातलीय, मागचे पाय किंचित मागे रेटलेत. सहा शिल्पांत माणूस एवढाच. मी या शिल्पासमोर कितीदा उभी राहिलेय, आणि दरवेळी पाहिली आहे ती प्रतिकृती. मूळ दगड अमेरिकेत आहेत, हे त्यांनी लपवलेलं नाही. इथल्या लोकांना ते दोन घोडे परत हवे आहेत, अगदी मनापासून हवे आहेत. तरी ते येईपर्यंत उरलेल्या चौघांची आबाळ झालेली नाही, आणि दोन जागा रिकाम्याही ठेवलेल्या नाहीत.

आता माझ्या तालुक्याची गोष्ट सांगते.

मार्च १९७४. शिआनजवळ लिंतोंगमध्ये पावसानं ओढ दिली होती म्हणून शेतकरी विहीर खणत होते. कुदळीखाली भाजलेल्या मातीचं डोकं लागलं. काहींना तो अपशकून वाटला. पुढे निघालं ते पहिल्या चिनी सम्राटाच्या रक्षणासाठी पुरलेलं मातीचं सैन्य, अंदाजे आठ हजार सैनिकांचं. १९७९ मध्ये त्या शेतातच संग्रहालय उघडलं. विहीर खणणाऱ्यांपैकी एक शेतकरी पुढे कित्येक वर्षं तिथे बसून पुस्तकांवर सह्या करत असे, लोक त्यासाठी रांग लावत.

त्याच १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावरच्या दायमाबादला, झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ, सगळं भरीव ओतकाम. चारही मिळून ६० किलोंहून जास्त वजन. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण अनेकांच्या मते त्या साडेतीन ते चार हजार वर्षं जुन्या आहेत, म्हणजे लिंतोंगच्या सैन्याच्या कितीतरी आधीच्या.

गेल्या वर्षी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सम्राटाच्या थडग्याजवळचे काशाचे रथ पाहायला घेऊन गेले. ते १९८० मध्ये सापडले तेव्हा मातीच्या भारानं चेपलेले होते. त्यातल्या एकाचे दीड हजाराहून जास्त तुकडे झाले होते, ते जुळवायला वर्षं गेली. खऱ्या रथाच्या निम्म्या आकाराचे, चार-चार घोड्यांचे. एकावर छत्री आहे, तिचा दांडा वाटेल तसा कलता करता येई. सारथी उभा आहे, लगाम धरलेल्या त्याच्या हातांची नखंसुद्धा दिसतात. मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

मी तिला फोनवर दायमाबादचा रथ दाखवला. जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब. दोन बैल, लांबलचक दांडी, मागे उभा असलेला वीतभर उंचीचा माणूस. आणि दांडीवर एक कुत्रा. सम्राटाच्या रथात शिस्त आहे, दरारा आहे. आमच्या रथात शेतावर निघालेल्या माणसाचा रुबाब आहे, आणि घरचं कुत्रं आपणहून पुढे चढून बसलंय. मला आमचाच रथ जास्त आवडतो, आणि हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

"आई, हा कुठे बघायला मिळतो? आजीच्या गावाला?"

नाही. मूळ वस्तू गावापासून लांब, मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत आहेत. मी श्रीरामपुरात वाढले. शाळेची सहल वेरूळला गेली, शिर्डीला गेली, शिंगणापूरला गेली. दायमाबादला कधीच नाही. पुस्तकातलं ते नाव आपल्याच तालुक्यातलं आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी स्वतःहून गेले. पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, भोवती ऊस, खापरांचे तुकडे पायाखाली. रथ इथे सापडला, हे सांगणारी एक पाटीसुद्धा मला दिसली नाही.

चीनमध्ये सगळं नीट झालं असं मी म्हणत नाही. मातीच्या सैनिकांवर रंग होता. उकरताना हवा लागली आणि खालचा लाखेचा थर काही मिनिटांत वळून गळाला. पेइचिंगजवळ वानली सम्राटाचं थडगं १९५०च्या दशकात घाईनं उघडलं, आतलं रेशीम खराब झालं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या ज्वरात तरुणांनी सम्राटाचे आणि दोन सम्राज्ञींचे अवशेष बाहेर ओढून जाळले. त्या अनुभवातून ते शिकले, आणि पहिल्या सम्राटाचं मुख्य थडगं आजही त्यांनी उघडलेलं नाही. आपल्याकडेही ५ जानेवारी २००४ रोजी, एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाच्या रागातून, पुण्याच्या भांडारकर संस्थेत नासधूस झाली. राग परक्याचा होता, नुकसान आपल्याच पोथ्यांचं झालं.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्राचा मला अभिमान वाटतो. वाघनखांबद्दल सरकार एक म्हणत असताना अभ्यासक उठून दुसरं म्हणू शकला, आणि ते छापूनही आलं. इथे चीनमध्ये इतका उघड वाद मी सात वर्षांत ऐकला नाही. ते आपण घालवू नये. पण त्या वादात लंडनला जेवढी जागा मिळते, त्याच्या शतांशही आपल्या बांधावर निघालेल्या वस्तूंना मिळत नाही, आणि ही गोष्ट मला लागते.

म्हणून मी मामांना फोन केला आणि सांगितलं, की तलवार आली, छान झालं, वाघनखांवरही भांडूया. पण दायमाबादला एक खोली हवी. चारही वस्तूंच्या उत्तम ओतीव प्रतिकृती, शेजारी 'ही प्रतिकृती आहे, मूळ अमुक ठिकाणी' अशी मराठी पाटी, ज्याला त्या सापडल्या त्या शेतकऱ्याचं नाव, आणि काळाबद्दल अभ्यासकांचे मतभेद काय आहेत तेही. पेइलिनमध्ये घोड्यांचं केलंय तसं. मूळ रथ परत मागायचा की नाही, ते नंतर ठरवू. तालुक्यातल्या पोरांनी आधी तो कुत्रा तरी बघायला हवा.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुत्रा? रथावर?" मी फोटो पाठवला. रात्री उशिरा त्यांचं उत्तर आलं : "जानेवारीत ये. ऊस तुटलेला असतो, गाडी टेकाडापर्यंत जाती. सरपंचांच्या कानावर घालून ठेवतो."