शंभरपट वेगाचा हिशेब

‘पायथनमध्ये अजून रिक्वेस्ट्स वापरताय? काढून टाका. असिंक क्लायंट घाला, प्रोग्रॅम शंभरपट पळेल. थ्रेडच्या नादी लागू नका, जीआयएल आहे. फंक्शनच्या आधी असिंक, कॉलच्या आधी अवेट, सगळे कॉल गॅदरमध्ये, झालं काम.’

या आशयाची पोस्ट महिन्याभरात मला तीन ग्रुपांवर आली. शेवटी आमच्याच टीममधल्या नव्या मुलीने ‘आपण का नाही करत हे?’ असं विचारत पाठवली. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय. मी स्वतः कंपनीतली एक असिंक क्लायंट लायब्ररी सांभाळतो, तेव्हा असिंकशी माझं वैर नाही. आधी शब्द: रिक्वेस्ट्स म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून वेबवरच्या सर्व्हरकडे माहिती मागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड. तिचा कॉल उत्तर येईपर्यंत थांबून राहतो; असिंक कोड एका कॉलची वाट बघताना दुसरं काम हातात घेतो. अवेट म्हणजे ‘इथे वाट बघ’ ही खूण, गॅदर म्हणजे अनेक कॉल एकदम सोडणारं फंक्शन. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबतीने चालणारी कामं, आणि जीआयएल म्हणजे त्यातल्या एका वेळी एकालाच पायथन चालवू देणारं कुलूप.

आधी ते शंभरपट. मुंबईत बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरशी बोलायचं तर जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंद धरा. नवं एचटीटीपीएस (सुरक्षित वेब) कनेक्शन उघडायचं म्हणजे जोडणी करणाऱ्या टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक, आणि मग खऱ्या रिक्वेस्टची एक. झाले ६०० मिलिसेकंद. सर्व्हरचं काम ५० धरलं तर कॉलमागे ६५०. असे १०० कॉल एकापाठोपाठ केले की ६५ सेकंद. पोस्टमधला ‘जुना’ कोड नेमका हेच करतो, कारण त्यात रिक्वेस्ट्सचं गेट फंक्शन थेट लूपमध्ये घातलंय आणि ते दर वेळी नवं कनेक्शन उघडतं. ‘नव्या’ कोडमध्ये मात्र सगळे शंभर कॉल एकदम सुटतात आणि ६५० मिलिसेकंदांत आटोपतात. आले की शंभरपट!

आता जुन्याच कोडमध्ये फक्त रिक्वेस्ट्सचं सेशन वापरा. कनेक्शन एकदाच उघडतं, पुढचा प्रत्येक कॉल २५० मिलिसेकंदांत होतो, एकूण साधारण २५ सेकंद. असिंकचं नावही न घेता अडीचपट. त्यावर २० थ्रेड लावा, प्रत्येकाला स्वतःचं सेशन द्या: पावणेदोन सेकंदांच्या आत काम संपतं. १०० थ्रेड लावलेत तर असिंकच्या अगदी जवळ पोहोचता. म्हणजे वेग आला तो शंभर कॉलची वाट एकदम बघितल्यामुळे, आणि ती थ्रेडनेही बघता येते. एकटा कॉल असिंक केल्याने मिलिसेकंदभरही लवकर परतत नाही. पोस्टवाल्याने आजार रेड्याला, औषध पखालीला दिलंय.

जीआयएलचा मुद्दा झटकन संपतो. सॉकेटवर (कनेक्शनच्या टोकाशी) वाट बघत बसलेला थ्रेड ते कुलूप सोडून देतो, त्यामुळे नेटवर्कच्या कामात थ्रेड छान चालतात. थ्रेड कमी पडतात ते दहा हजार वेबसॉकेट (सतत चालू राहणारी कनेक्शनं) दिवसभर उघडे ठेवायचे असतील तेव्हा. तिथे एकाच थ्रेडमधला इव्हेंट लूप, म्हणजे कामं आळीपाळीने चालवणारं असिंकचं चक्र, लिनक्सच्या ईपोल या सोयीकडून ‘कोणाकडे काही आलंय का’ एवढंच विचारत राहतो, आणि तिथे असिंकला तोड नाही. गंमत म्हणजे असिंकआयओ, पायथनची स्वतःची असिंक लायब्ररी, डीएनएसमध्ये नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधताना ते काम मुकाट्याने थ्रेडच्याच पूलकडे (तयार ठेवलेल्या संचाकडे) देते.

‘असिंक-अवेट लिहिलं की झालं’ हेही अर्धंच खरं. मध्ये कुठे टाइम.स्लीप (थ्रेडला झोपवणारं फंक्शन) राहिला, किंवा ४० एमबीचं जेसॉन (मजकुराच्या रूपातला डेटा) फोडायला घेतलं, की तेवढा वेळ लूपवरचं प्रत्येक काम खोळंबतं. एकाने दार अडवलं की अख्खी रांग उभी.

गॅदरने मात्र मला स्वतःला रडवलंय. आम्ही एचटीटीपीएक्स ही असिंक चालणारी क्लायंट लायब्ररी वापरून पाच हजार कॉल एकदम गॅदरमध्ये टाकले आणि पूल टाइमआउटचा (कनेक्शन वेळेत न मिळाल्याच्या एररचा) पाऊस पडला. दोन दिवस समोरच्या सर्व्हरला शिव्या घातल्या. दोष आमचाच होता. एचटीटीपीएक्समध्ये मुळात एका वेळी १०० कनेक्शनची मर्यादा असते, आणि कनेक्शन मोकळं व्हायची वाट कॉल फक्त ५ सेकंद बघतो. उरलेले ४९०० कॉल त्या घड्याळाखाली रांगेत उभे होते. सेमाफोर, म्हणजे दारावरचा मोजणारा पहारेकरी, लावला, एका वेळी पन्नासच सोडले, संपलं. पूल मोठा केला असता तर समोरून ४२९ (‘फार मागण्या करताय’ असा नकार) येऊ लागले असते, हे वेगळंच. शिवाय गॅदरमधला एक कॉल फसला तर चूक तुमच्या हातात येते, पण बाकीचे कॉल मागे चालूच राहतात. पायथन ३.११ मधला टास्कग्रुप निदान त्यांना रद्द तरी करतो.

आणि रद्द करणं हाच असिंक लायब्ररीतला सगळ्यात धोक्याचा भाग. पोस्टमध्ये त्यावर चकार शब्द नाही. प्रत्येक अवेट ही अशी जागा आहे जिथे तुमचं काम अर्ध्यात तोडलं जाऊ शकतं. २० मार्च २०२३ ला ओपनएआयने चॅटजीपीटी काही तास बंद ठेवलं, त्याचं मूळ इथेच होतं. ते रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलायला रेडिस-पाय ही लायब्ररी असिंकआयओसोबत वापरत होते. रिक्वेस्ट कनेक्शनवर गेली, पण उत्तर वाचण्याआधीच ती रद्द झाली. कनेक्शन तसंच पूलमध्ये परतलं, आधीच्या माणसाचं उत्तर पोटात घेऊन. पुढचा जो कोणी ते कनेक्शन उचलेल त्याला ते उत्तर मिळणार. बहुतेक वेळा डेटाचा प्रकार न जुळल्याने एरर येई. जुळला की ते खरंच वाटे. त्या दिवशी सर्व्हरमध्ये केलेल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या रिक्वेस्ट अचानक वाढल्या, आणि लोकांना दुसऱ्यांच्या गप्पांची शीर्षकं दिसू लागली. नऊ तासांच्या एका टप्प्यात सक्रिय असलेल्या प्लस (पैसे भरणाऱ्या) सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची पैसे भरण्याबाबतची माहितीही उघडी पडली असण्याची शक्यता कंपनीनेच जाहीर केली.

हा कोड एकाच थ्रेडवर साधा एकापाठोपाठ चालत असता तर त्याला असं मध्येच कोणी तोडलं नसतं. म्हणून आमच्या लायब्ररीत नियम आहे: उत्तर पूर्ण वाचून झालं नसेल तर कनेक्शन पूलमध्ये परत करायचं नाही, बंदच करायचं. नवं उघडायला दोन फेऱ्या जातात, जाऊ देत. आणि एक चाचणी आहे, जी प्रत्येक अवेटवर मुद्दाम कॉल तोडते आणि पुढच्या कॉलला त्याचंच उत्तर मिळालं का ते बघते. क्लायंटचा गाभा मी चार दिवसांत लिहिला होता. ही चाचणी बसवायला तीन आठवडे गेले, आणि तिने पहिल्याच दिवशी माझ्या दोन चुका पकडल्या.